खांद्यांची फेरमोजणी

"थोडा विचारपूर्वक बदल करू या," असं फादर आन्सेल्मो म्हणाले आणि मी माझी खुर्ची सरकवून भिंतीला लावली. बदलाची भाषा करणारा माणूस समोर असला की आपली पाठ भिंतीला असलेली बरी. मागचे फादरही एकदा असेच गोड हसून बदल म्हणाले होते. त्यांनी चर्चमधला ऑर्गन बंद करून गिटार आणली, आणि सहा महिन्यांत तो गिटारवाला आमच्या ऑर्गनवाल्या बाईंना घेऊन राजधानीला पळाला. आता ऑर्गनही नाही आणि गिटारही नाही. या फादरांनी "विचारपूर्वक" हा शब्द तेवढा नवीन आणला होता, त्यामुळे माझा संशय दुप्पट झाला.

लोक मला संशयी म्हणतात. म्हणोत बापडे. ओकोतालेसच्या नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या नोंदी करण्यात ज्याची एकतीस वर्षं गेली त्याच्याकडून दुसरी काय अपेक्षा करता? लोक स्वतःच्या बापाचं नाव तीन वेळा तीन तऱ्हांनी सांगतात. ज्याच्या मृत्यूची मी स्वहस्ते नोंद केली होती, असा एक इसम पुढच्या महिन्यात खिडकीशी येऊन माझ्यावरच ओरडला होता. पण एक सांगतो, या एकतीस वर्षांत बेलिसारियो मोन्सोनच्या हातून वहीत एकही खोटा आकडा पडलेला नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे याच वाक्यानं माझा घात केला.

प्रश्न पालखीचा होता. गुड फ्रायडेला आमच्याकडे क्रूस वाहणाऱ्या प्रभूची पालखी निघते. चांगली गलबताएवढी लांब, वर प्रभू, चार देवदूत, ढीगभर फुलं आणि दिव्यांसाठी ट्रकची एक बॅटरी. खाली जांभळ्या झग्यातले चाळीस खांदेकरी, वीस डावीकडे आणि वीस उजवीकडे. उंच खांदे पुढे आणि बुटके मागे, म्हणजे प्रभू जरा वर आभाळाकडे बघत चाललेत असं वाटतं. त्यासाठी खांदेकऱ्यांच्या मंडळात भरती होताना प्रत्येकाचं जमिनीपासून खांद्यापर्यंतचं माप वहीत लिहितात. अनवाणी मोजतात, आणि एकदाच मोजतात. बाप्तिस्मा एकदा, खांद्याचं माप एकदा. विशीत जो आकडा पडला तो मरेपर्यंत कायम.

डावीकडची पहिली जागा आमची. आजोबा, वडील आणि मग मी. माझा आकडा एकशे चाळीस. मुलगा ह्यूस्टनला फरशा बसवतो, तो काही पालखीसाठी येत नाही. तेव्हा माझ्यानंतर त्या कोपऱ्यात कोण, हा विचार मनात आला की माझी भाकरी ताटातच राहायची. म्हणून मी तो विचार करत नसे, घट्ट उभा राहत असे.

आता चाळीस खांद्यांचे एकोणतीस उरले होते. काही उत्तरेला गेले, काही हमरस्त्यापलीकडच्या नव्या प्रार्थनागृहात गेले, कारण तिथे ड्रम वाजतात आणि पंखे आहेत. बाकीचे कबरस्तानात. त्यात गेल्या वर्षी औषधाच्या दुकानाच्या वळणावर पालखीचा पुढचा कोपरा असा काही खचला की प्रभू दुकानात डोकावून सर्दीवर काही मिळतं का विचारतायत असं वाटलं. कोपरा डावा होता. म्हणजे माझा.

"तर दोन गोष्टी," फादर म्हणाले. "एक, सगळ्यांचे खांदे नव्यानं मोजायचे. दोन, तरीही जागा रिकाम्या राहिल्या तर आपल्या भगिनींनी प्रभूला खांदा द्यायला काय हरकत आहे?"

सभेत दोघातिघांनी छातीवर क्रूस काढला. आमच्याकडे बाया मागून दुःखी मातेची छोटी पालखी नेतात. पुरुष प्रभूला नेतात, बाया मातेला नेतात. नळाला पाणी सकाळी सहाला येतं तसंच हेही ठरलेलं. यामागे दोन्या त्रान्सितो आहे, हे मी त्या क्षणी ओळखलं. ही बाई आमच्या भिंतीपलीकडे राहते आणि मातेच्या पालखीची प्रमुख आहे. अशा माणसाला वाढायला जागा लागते.

पण पहिल्या प्रस्तावाला, म्हणजे मोजणीला, मी मंडळाचा चिटणीस या नात्यानं उभं राहून पाठिंबा दिला. सगळे बघतच राहिले. फादरांना तर गहिवरून आलं. बदलाचं स्वागत वगैरे काही नव्हतं हो ते. मला रोसेन्दोला पकडायचं होतं.

रोसेन्दो बारियास हा आमच्या गावचा चांभार. माझ्या मुलीला, नोएमीला, बाप्तिस्म्याला यानंच हातावर घेतलं, म्हणून आम्ही एकमेकांना कोंपाद्रे म्हणतो. पालखीत त्याची जागा बरोबर माझ्या मागे, आकडा एकशे एकोणचाळीस. मी गेलो की पुढचा कोपरा नियमानं त्याचा. आणि गेली चार वर्षं हा माणूस पालखीत प्रभूकडे बघत नाही, रस्त्याकडे बघत नाही, माझ्या पायांकडे बघतो! मी अडखळतो कधी, याची वाट बघत असणार, दुसरं काय? शिवाय दर उपवासकाळात न बोलावता घरी येतो. "कोंपाद्रे, गुड फ्रायडेचे बूट द्या, जरा टाके घालून आणतो." ते बूट मी वर्षातून एकदाच घालतो, त्यांना टाके कशाला लागतात? पण फुकटचं पॉलिश होतंय म्हणून मी देत होतो. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी ते बूट चढवले की अंगात काही वेगळंच संचारायचं. ताठ, उंच वाटायचं. प्रभूचा दिवस आहे, माणूस उंच होणारच, असं मी समजत होतो.

"मोजणी अनवाणीच व्हायला हवी," मी सभेत सांगितलं. "आपल्यात काही लोकांच्या हातात कातडं असतं. टाचा वाढवायला वेळ लागत नाही."

सगळ्यांनी रोसेन्दोकडे पाहिलं. त्यानं नुसतं टोपीचं टोक चोळलं आणि म्हणाला, "कोंपाद्रे, मोजायचं राहू द्या ना. चाललंय ते बरं चाललंय."

बघा! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

घरी आल्यावर बायकोला, एलुवियाला, सगळं सांगितलं. ती पोळपाटाएवढ्या तव्यावर मक्याच्या भाकऱ्या टाकत होती. ती म्हणाली, "माझी आई म्हणायची, पीठ आणि नवरा फार मोजू नये, कमी भरतात." मी म्हटलं, "तुझ्या आईचं मला काही सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी गावभर झालं. पहिली बातमी, बेलिसारियो शवपेट्यांसाठी मापं घेतोय आणि यात सुताराचं अंग आहे. दुसरी, पालखी विकून फादर लोखंडी गाडा आणणार आणि प्रभूला चाकांवर बसवणार. तिसरी, मी गुपचूप हमरस्त्यापलीकडे ड्रमवाल्यांना जाऊन मिळालोय. ही तिसरी मला फार लागली. माझे कान ड्रम सोसू शकत नाहीत हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. दोन्या त्रान्सितोनं तर भिंतीवरून विचारलंच, "काय हो डॉन बेलिसारियो, आमच्या बायांची पण कंबर मोजणार म्हणे तुम्ही?"

मी म्हटलं, "बाई, खांदे. फक्त खांदे. आणि तेही पुरुषांचे."

"असं म्हणूनच सुरुवात होते," ती म्हणाली आणि खिडकी लावून घेतली.

इकडे पुरुषांनी तयारी सुरू केली. सल्ल्यांना ऊत आला. गाईच्या खुरांचं सूप प्या, उशीशिवाय झोपा, सकाळी दाराच्या चौकटीला लोंबकळा. आमच्या गल्लीत त्या आठवड्यात कुणाच्याही घरी गेलं तर यजमान चौकटीला लटकलेले सापडायचे आणि पायांखालून वाकून आत जावं लागायचं. पोस्टमास्तर चौकटीसकट खाली आला. मी असलं काही केलं नाही. हं, रविवारी एकदा केलं, पण ते फणसाएवढ्या उजव्या गुडघ्यासाठी केलं होतं.

मंडळाची जुनी मोजकाठी भांडारघरात कपाटामागे सापडली. आजोबांच्या काळातली, आकडे कोरलेली. आधी रंगीत तालीम म्हणून कार्यकारिणीचे आम्ही पाच जण मोजून घेतले. पहिला भरला, तो वहीतल्या आकड्यापेक्षा दोन सेंटिमीटर जास्त! दुसरा तीन जास्त. साठीतली माणसं, कुणाला दात नाहीत, कुणाला दम नाही, आणि उंची वाढलेली! रोसेन्दो तीननं वाढला. माझी पाळी आली. एकशे एकोणचाळीस. एकानं कमी.

मी सुन्न झालो. पण सुन्न व्हायलाही कुणी वेळ दिला नाही, कारण दुपारपर्यंत चमत्कार जाहीर झाला होता. उपवासकाळात प्रभू आपल्या खांदेकऱ्यांना उंच करतो आहे! दोन्या त्रान्सितोनं काठीपुढे सात मेणबत्त्या लावल्या. शेजारच्या खेड्यातून एक बाई आपल्या बुटक्या जावयाला घेऊन आली. कंबरदुखीवाले काठीला पाठ घासून जाऊ लागले. फादर आन्सेल्मो डोकं धरून बसले. "डॉन बेलिसारियो, मी बदल म्हणालो होतो, चमत्कार नव्हतो म्हणालो!"

खरं म्हणजे मलाही चमत्कार चालला असता. पण अख्ख्या मंडळावर कृपा आणि एकट्या मोन्सोनवर अवकृपा, हे माझ्या बुद्धीला पटेना. मी मेणबत्त्या बाजूला केल्या आणि काठी उलटी करून पाहिली. खालचा तीन सेंटिमीटरचा तुकडा वाळवीनं फस्त केला होता. काठी सुरूच तीनपासून होत होती! माझा जीव भांड्यात पडला. काठी खोटी, म्हणजे आकडा खोटा, म्हणजे मी साफ निर्दोष. घरी येऊन विजयी मुद्रेनं एलुवियाला सांगितलं, "काठी प्रत्येकाला तीन जास्त दाखवते!"

ती भाकरी उलटत म्हणाली, "आणि तरी तुमचा एक कमी. म्हणजे चार गेले की हो तुमचे."

"तू आकड्यांत पडू नकोस," मी म्हटलं. बायकांना असल्या तांत्रिक गोष्टी समजावत बसण्यात अर्थ नसतो.

आता खरी मोजपट्टी हवी होती. आरोग्य केंद्रातली पट्टी पाच वर्षांखालच्या मुलांची निघाली, तिच्यावर जिराफ होता आणि तो जिराफ माझ्या पोटापर्यंत संपत होता. मग राहिली नगरपालिकेच्या भूमापन खात्याची पितळी मापकाठी. सरकारी शिक्क्याची. मी म्हटलं, आपलीच कचेरी, जाऊ आणि घेऊन येऊ. खिडकीशी विल्मर होता. माझ्या हाताखाली अकरा वर्षं होता, मीच त्याला शिक्का मारायला शिकवलं. तो उठून उभा राहिला, हात जोडल्यासारखं केलं आणि म्हणाला, "अर्ज तीन प्रतींत, फादरांचं पत्र, आणि आपला हयातीचा दाखला."

"विल्मर, मी तुझ्यासमोर उभा आहे."

"दिसतंय साहेब. पण निवृत्तांना दाखल्याशिवाय वस्तू देता येत नाही. नियम आहे."

"कुठल्या गाढवानं केला हा नियम?"

विल्मरनं आदबीनं फाईल उघडली आणि माझ्यापुढे सरकवली. खाली सही होती. लफ्फेदार. माझी. मी चष्मा पुसून परत पाहिली, तरी माझीच. "साहेब, तुम्हीच सांगायचात, समोर उभा असलेला माणूस हा पुरावा नव्हे," विल्मर म्हणाला. तो हसला नाही, पण त्याचे कान हसत होते. दाखला मिळायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मी कागदोपत्री जिवंत नव्हतो, आणि एलुविया जेवायला वाढताना रोज त्याची आठवण करून द्यायची.

शेवटी पाम संडेनंतरच्या सोमवारी, दुपारी तीन वाजता, चर्चच्या मागच्या ओसरीत मोजणी ठरली. पालखी तिथेच लाकडी घोड्यांवर चढवून ठेवली होती, बरोबर खांद्याच्या उंचीला, फुलांच्या तयारीसाठी. एकोणतीस पुरुष बूट हातात घेऊन ओळीनं उभे होते. दोन्या त्रान्सितो "चमत्कार खोटा कसा ते बघायला" दोन बायांना घेऊन आली होती. नोएमी कॉफीची किटली आणि गोड पाव घेऊन आली होती. ही माझी मुलगी शाळेत खेळ शिकवते. आजोबांसारखी लांब हाडाची, आणि बोलायला आईसारखी कमी, म्हणजे धोकादायक. मी तिला म्हटलं, "कॉफी ठेव आणि जा." तिनं कॉफी ठेवली आणि गेली नाही.

चांगला पायंडा पडावा म्हणून मी पहिला. प्रसंगाचं गांभीर्य ओळखून मी गुड फ्रायडेचे बूट घालून गेलो होतो, दोनच दिवसांपूर्वी रोसेन्दोकडून आलेले. ते काढले. फादरांनी पितळी काठी लावली, आडवी पट्टी खांद्यावर टेकवली आणि बराच वेळ बघत राहिले.

"वाचा ना," मी म्हटलं.

"एकशे छत्तीस."

"परत बघा."

"एकशे छत्तीस, डॉन बेलिसारियो."

मागून कुणीतरी खोकलं. माझं डोकं तडकलं. "काठी चुकीची आहे! गेल्या वर्षी हाच खांदा दांडीला लागत होता! लागत होता की नाही? बघा, दाखवतो!" असं म्हणून मी बूट चढवले, तरातरा पालखीकडे गेलो आणि माझ्या कोपऱ्यात, दांडीखाली उभा राहिलो. दांडी खांद्यावर बरोब्बर टेकली. "घ्या!" मी ओरडलो. "आता बोला!"

"आता बूट काढून उभे राहा," फादर हळूच म्हणाले.

मी बूट काढले. खांदा आणि दांडी यांच्यामध्ये फादरांनी हात घातला. तीन बोटं अलगद आत गेली आणि चौथं वळवळत होतं.

मी खाली पडलेला बूट उचलला. आयुष्यात पहिल्यांदा तो उलटा करून पाहिला. तळाला कातड्याचे चार थर होते, एकावर एक, कडा घासून सारख्या केलेल्या, वरून काळा रंग दिलेला. टाके इतके बारीक आणि जवळ जवळ की एकाच यंत्रातून निघाल्यासारखे. असे टाके घालणारा हात आमच्या गावात एकच आहे. आणि थर चार होते. चार वर्षांचे चार.

मी रोसेन्दोकडे पाहिलं. तो स्वतःच्या अनवाणी पायांकडे बघत उभा होता.

"कोंपाद्रे," मी म्हटलं.

"गेल्या वर्षीच पाचवा घालायला हवा होता," तो पुटपुटला. "वळणावर खचलं ते तो नव्हता म्हणून. पण पाचव्यानं तुम्हाला चालता आलं नसतं. म्हणून मी पायांकडे बघत असायचो. म्हटलं, तुम्ही घसरलात तर धरता यावं."

मला लाज वाटली. ती लपवायला मी कुठे तरी बघायला हवं होतं, पण जिकडे बघावं तिकडे माणसं होती आणि सगळे भलतीकडे बघत होते. म्हणजे त्यांना सगळ्यांना माहीत होतं! अठ्ठावीस माणसं, चार वर्षं, आणि एकानंही हूं की चूं केलं नव्हतं. याच गावात शवपेट्यांची बातमी एका तासात पसरते.

मग उरलेल्यांची मोजणी झाली. निम्मे कमी भरले. रोसेन्दो एकशे एकोणचाळीस, वहीत होता तसाच. फादर म्हणाले, "मग नियमानं पुढचा डावा कोपरा डॉन रोसेन्दोंचा." मी मान हलवली. न्याय होता तो. वाईट वाटत होतं, पण न्याय होता.

"मला नको," रोसेन्दो म्हणाला. "ती जागा मोन्सोनांची. त्यांच्या घरात एकशे चाळीसचा खांदा आहे का बघा आधी."

"मुलगा ह्यूस्टनला आहे," मी म्हटलं. "तुम्हाला माहीत आहे."

किटलीपाशी काहीतरी खसखसलं. नोएमी बूट काढत होती.

ओसरीत एकदम गलका उठला. आणि सगळ्यांत मोठा आवाज दोन्या त्रान्सितोचा होता, पण भलत्याच बाजूनं. "अजिबात नाही! माझ्या मातेच्या पालखीला आधीच बाया पुरत नाहीत, आणि तुम्ही माझी सगळ्यांत उंच पळवताय? मला पहिल्यापासून संशय होता या फादरांचा!" म्हणजे एवढे दिवस मी जिच्यावर संशय घेत होतो, ती त्याच गोष्टीचा संशय घेऊन बसली होती. मला तिच्याबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली.

"आधी मोजा तरी," नोएमी म्हणाली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "बाबा, तुम्हीच मोजा. दुसऱ्या कुणाचं तुम्हाला पटायचं नाही."

मी काठी घेतली. पट्टी तिच्या खांद्यावर टेकवली. आकडा वाचला. चष्मा पुसला, परत वाचला. पाय उचललेत का म्हणून खाली वाकून टाचा तपासल्या. टाचा जमिनीला घट्ट होत्या. तिसऱ्यांदा वाचला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. एक-दोन सेंटिमीटर कमी म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता. काठी माझ्या हातात होती, वही माझ्या हातात होती, आणि आकडा माझ्याशिवाय कुणाला दिसत नव्हता.

आठवतं ना ते वाक्य? एकतीस वर्षांत एकही खोटा आकडा नाही.

"एकशे चाळीस," मी म्हटलं.

वही उघडली. डावी बाजू, जागा पहिली. वडिलांच्या नावाखाली माझं नाव होतं. मी माझ्या आकड्यावर रेघ मारली, बाजूला १३६ लिहिलं, खाली लिहिलं: नोएमी मोन्सोन, १४०, आणि तारीख टाकली. सही लफ्फेदार आली नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि ते बरं केलं. दोन्या त्रान्सितो मात्र म्हणाली, "ठीक आहे, पण मग तुमचे आटलेले पुरुष मला द्या. माझ्या पालखीला बुटके चालतात." आणि असा तो विचारपूर्वक बदल ठरला. आठ म्हातारे मातेकडे गेले, वीस बाया प्रभूकडे आल्या. मला मातेची पालखी सुचवण्यात आली. मी सांगितलं, मोन्सोन प्रभूबरोबर चालतात. तेव्हा मला तारा उचलायची काठी मिळाली. रस्त्यावर लोंबणाऱ्या विजेच्या तारा प्रभूच्या मुकुटाला अडकू नयेत म्हणून पुढून एक माणूस दुबेळक्याच्या लांब बांबूनं त्या वर धरत चालतो. त्याला उंची लागत नाही, बांबू उंच असतो.

हा सगळा कट होता का? मला आजही संशय आहे. नोएमीनं बूट काढायला एवढी घाई का केली? वडिलांचा जुना झगा एलुवियानं आदल्या आठवड्यातच धुवून वाळत का घातला होता? विचारलं तर ती म्हणते, "ऊन चांगलं होतं."

गुड फ्रायडेला पालखी उठली. वाद्यांनी शोकाची धून धरली, रस्त्यावर लाकडाच्या भुशाचे रंगीत गालिचे पसरले होते. माझ्या पायांत तेच बूट होते, पण सकाळी रोसेन्दोनं थर उसवून दिले होते. मी बांबू धरून पुढे चाललो होतो. एरवी डाव्या कोपऱ्यातून मला फक्त शेजारच्याचा घाम दिसायचा. आज पहिल्यांदाच मी वळून प्रभूचा चेहरा पाहिला. आणि त्याच्याखाली माझ्या मुलीचा. दात आवळलेले, मान ताठ, थेट माझ्या वडिलांसारखी. माझे डोळे भरून आले, ते मी उदबत्तीच्या धुरावर ढकललं.

औषधाच्या दुकानाचं वळण आलं. हिचा पाय मुडपला तर? बूट चावत असतील तर? मी वर बघायचं विसरलो आणि तिच्या पायांवर डोळे लावून उलटा चालू लागलो. डावा, उजवा, डावा. कोपरा तसूभर खचला नाही. मी बघतच राहिलो, आणि बांबू हळूहळू कलत गेला. इतक्यात वर काहीतरी करकरलं. तार सुटून सरळ प्रभूच्या मुकुटाकडे चालली होती.

नोएमीच्या मागून रोसेन्दो ओरडला, "कोंपाद्रे, तुम्ही वर बघा हो! पाय मी बघतो!"